विजेचा हिशेब आणि सोलापूरचा सांधा

सोलापूर शहराचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे लेखणी सहजच श्रीसिद्धरामेश्वरांच्या तळ्याकडे, भुईकोट किल्ल्याकडे, नाहीं तर १९३० सालच्या लष्करी कायद्याच्या दिवसांकडे वळते. आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या शहराचा गेल्या दीडशें वर्षांचा संसार सूत कातण्यावर व कापड विणण्यावर चालला, त्या शहराच्या इतिहासांत आणखीहि एका प्रश्नाला स्थान असावयास पाहिजे, असें आम्हांस वाटतें. तो प्रश्न असा : चातीला व मागाला फिरविणारी शक्ति कोठून येते, किती दूरवरून येऊं शकते, आणि वाटेंत तिची नासाडी किती होते? या प्रश्नाचें उत्तर राजकारणाच्या दप्तरांत सांपडत नाहीं. तें दोन लहानशा हिशेबांत आहे. विजेच्या दाबाला प्रवाहानें भागलें म्हणजे रोध निघतो. दाबाला प्रवाहानें गुणलें म्हणजे शक्ति निघते. एक भागाकार आणि एक गुणाकार! शाळेंतील मुलें हे दोन्ही हिशेब पाठ म्हणून दाखवितात. परंतु ते मनुष्यजातीच्या हातीं कसे आले, आणि सोलापूरच्या भाग्याशीं त्यांचा काय संबंध आहे, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. म्हणून तेंच सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करूं. सोलापूरच्या उत्तरेस हिप्परगा येथें एकोणिसाव्या शतकांत बांधलेला एकरूखचा तलाव आहे. तलावांतील पाणी जितक्या उंचीवर असेल तितक्या जोरानें तें खालीं लोटलें जातें. ही उंची म्हणजे विजेचा दाब, व त्याचें माप व्होल्ट. पाटांतून क्षणाला किती पाणी वाहतें, हा प्रवाह; त्याचें माप अँपिअर. पाट अरुंद, लांब व खडबडीत असेल तर पाण्याला अडथळा होतो. तसाच अडथळा बारीक व लांब तार विजेला करते, तो रोध. त्याचें माप ओहम. आणि पाण्याची उंची व त्याचा प्रवाह या दोहोंच्या गुणाकारावरून जसें चक्कीला किती काम झेपेल तें कळतें, तसें दाब व प्रवाह यांच्या गुणाकारानें विजेची शक्ति कळते. तिचें माप वॅट. पाण्याचा हा दाखला सर्वच बाबतींत लागू पडत नाहीं. पण पहिलें पाऊल टाकण्यास तो पुरेसा आहे.

आतां घरांतीलच उदाहरण घेऊं. स्नानाचें पाणी तापविणारें २००० वॅटचें यंत्र २३० व्होल्टच्या दाबावर चालतें. २००० ला २३० नें भागलें म्हणजे प्रवाह सुमारें ८.७ अँपिअर निघतो. आणि २३० ला ८.७ नें भागलें म्हणजे यंत्रांतील तारेचा रोध सुमारें २६.५ ओहम. एखाद्या दिवशीं दाब २०० व्होल्टपर्यंत उतरला तर काय होईल? तारेचा रोध जवळजवळ तोच राहतो. म्हणून प्रवाह साडेसात अँपिअरच्या आसपास येतो, आणि शक्ति केवळ १५०० वॅट भरते. दाब आठव्या हिश्शाच्या आसपास कमी झाला, पण उष्णता चतुर्थांशानें घटली. कारण दाब घटतांच प्रवाहहि घटतो, आणि शक्तीवर दोहोंचा परिणाम होतो. या एका उदाहरणांत पुढील सर्व इतिहासाचें बीज आहे.

हें बीज प्रथम कोणाच्या हातीं लागलें म्हणावें? हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज संशोधकानें १७८१ च्या सुमारास निरनिराळ्या द्रवांतून वीज सोडून, आपल्याच शरीरास बसणाऱ्या धक्क्याच्या तीव्रतेवरून त्यांच्या रोधांची तुलना केली होती. मोजण्याचें साधन नाहीं, तर स्वतःचा देहच साधन, असा हा विलक्षण प्रकार! परंतु तो अत्यंत एकलकोंडा असल्यामुळें त्याचे कागद त्याच्याच पेटींत राहिले, आणि मॅक्सवेलनें १८७९ सालीं ते प्रसिद्ध केले तोंपर्यंत जगानें तोच शोध स्वतंत्रपणें लावून पचविलाहि होता. ज्ञान मिळविणें आणि तें समाजाच्या स्वाधीन करणें हीं दोन निराळीं कामें आहेत, याचें हें चांगलें उदाहरण होय.

दुसऱ्यानें तें काम पुरें केलें. गेओर्ग झिमॉन ओहम हा १७८९ सालीं बव्हेरियांतील एर्लांगेन गांवीं जन्मला. त्याचा बाप कुलुपें करणारा कारागीर. पण त्यानें स्वतःच्या प्रयत्नानें गणित शिकून मुलांना शिकविलें. मुलगा पुढें कोलोन येथें शाळामास्तर झाला. त्या काळीं विजेचा प्रवाह मिळविण्याचें साधन म्हणजे व्होल्टाचा घट. पण हा घट फार लहरी. तार जोडतांच त्याचा जोर क्षणोक्षणीं उतरूं लागे. या लहरीपणामुळें १८२५ च्या पहिल्या निबंधांत ओहमनें काढलेला नियम चुकला. मग पोगेनडॉर्फ नांवाच्या विद्वानाच्या सूचनेवरून त्यानें घट सोडून दिला आणि झेबेकनें १८२१ सालीं शोधलेल्या उष्णताजन्य विजेचा आश्रय केला. बिस्मथ व तांबें या धातूंचे दोन सांधे. एक उकळत्या पाण्यांत, दुसरा बर्फांत. पाणी उकळत आहे व बर्फ वितळत आहे तोंवर दाब ढळावयाचा नाहीं. मग दोन इंचांपासून एकशेंतीस इंचांपर्यंत लांबीच्या आठ तांब्याच्या तारा घेऊन, प्रत्येक तारेच्या वेळीं चुंबकसूची किती वळते तें त्यानें पीळ देण्याच्या पट्टीवर मोजलें. तार जितकी लांब तितका प्रवाह कमी. आणि हा कमीपणा ठराविक प्रमाणांतच होतो, असें त्याला आढळलें. लोहारकामांत वाढलेल्या हाताचें कौशल्य आणि गणितांत मुरलेली बुद्धि या दोहोंचा हा मिलाफ होता. जाडजूड वैभवशाली प्रयोगशाळा त्याच्यापाशीं नव्हती.

१८२७ सालीं बर्लिन येथें त्याचा ग्रंथ निघाला. परंतु स्वागत व्हावें तसें झालें नाहीं. विजेसारख्या गूढ वस्तूला गणिताच्या चौकटींत कोंडणें हें त्या वेळच्या अनेक जर्मन पंडितांस रुचलें नाहीं. पोल नांवाच्या पंडितानें तर ग्रंथावर कडक टीका केली. ज्या मोठ्या पदाची आशा होती तें न मिळाल्यामुळें ओहमनें कोलोनची नोकरी सोडली, आणि कित्येक वर्षें किरकोळ शिकवण्यांवर काढलीं. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें कोप्ले पदक देऊन त्याचा गौरव केला, तेव्हां स्वदेशाचेहि डोळे उघडले. म्युनिक येथील पदार्थविज्ञानाचें अध्यापकपद त्याला १८५२ सालीं मिळालें. १८५४ सालीं तो वारला. भागाकाराचा एक साधा हिशेब! पण त्याची किंमत एका मनुष्यानें आपल्या उमेदीच्या वर्षांनीं चुकती केली.

गुणाकाराचा हिशेब मँचेस्टरजवळील सॅलफर्ड येथून आला, आणि तोहि व्यवहाराच्या पोटीं. जेम्स प्रेस्कॉट जूल हा मद्य गाळण्याच्या कारखानदाराचा मुलगा. वाफेच्या इंजिनापेक्षां विजेचें यंत्र स्वस्त पडेल काय, ही त्याची मूळ विचारणा होती. १८४१ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीं, त्यानें पाण्यांत बुडविलेल्या तारांतून वीज सोडून पाणी किती तापतें तें मोजलें आणि असा निष्कर्ष प्रसिद्ध केला, कीं तारेंत निर्माण होणारी उष्णता ही रोध आणि प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणांत असते. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट. तिप्पट झाला कीं नऊपट. आर्थिक प्रश्नाचें उत्तर मात्र त्या वेळीं प्रतिकूल आलें; घटांतील जस्त कोळशापेक्षां फारच महाग पडे. परंतु ‘वर्ग’ हा जो एक शब्द जूलच्या हिशेबांतून निघाला, तो पुढें गिरण्यांचें, शहरांचें, किंबहुना देशांचें भवितव्य ठरविणारा होता.

हीं मापें सर्व जगाला सारखीं व्हावयास आणखी चाळीस वर्षें लागलीं, आणि तीं घडविलीं समुद्रतारांनीं. १८५८ सालची अटलांटिकची पहिली तार अवघ्या तीन आठवड्यांत निकामी झाली. या हानीनें असें शिकविलें, कीं तारेचा रोध बिनचूक मोजतां आल्यावांचून हा व्यापार चालावयाचा नाहीं. १८६१ सालीं ब्रिटिश असोसिएशननें रोधाचें प्रमाणभूत माप ठरविण्यास एक मंडळ नेमलें. १८७० सालीं समुद्रतारेनें मुंबई इंग्लंडशीं जोडली गेली, तेव्हां हें ज्ञान आपल्या किनाऱ्यासहि येऊन लागलें. समजा, तारेचा रोध मैलाला दहा ओहम आहे, आणि बिघाड झाल्यावर किनाऱ्यावरून मोजतां तो बाराशें ओहम भरतो. तर तार एकशेंवीस मैलांवर जमिनीला टेकली आहे, हें खोलींत बसून सांगतां येतें. १८८१ सालीं पॅरिस येथील परिषदेंत ओहम, व्होल्ट व अँपिअर हीं नांवें सर्व राष्ट्रांनीं मान्य केलीं. वॅट हें माप १८८९ सालीं मान्य झालें. अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट.

आतां सोलापुराकडे वळूं. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० सालीं सोलापुरास पोंचली. आणि १८७१ सालीं तीच वाट पुढें रायचुरास जाऊन मद्रास रेल्वेला मिळाली. मुंबई व मद्रास हीं दोन शहरें लोहमार्गानें जोडलीं गेलीं तीं अशीं सोलापुरावरून. मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकारानें निघालेली, व पुढें ‘जुनी गिरण’ म्हणून लोकांच्या तोंडीं बसलेली, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरण १८७७ सालीं सुरू झाली. नरसिंग गिरजी गिरण १८९८ ची. त्या काळच्या गिरणीची रचना पाहिली तर तींत शक्तीचा प्रवास किती आंखूड होता हें ध्यानांत येतें. एक वाफेचें इंजिन. त्याच्या चाकावरून निघालेले दोर वा पट्टे. छताखालून फिरणारे लांब दांडे. आणि त्यांवरून प्रत्येक यंत्राला उतरलेला पट्टा. शक्ति गिरणीच्या भिंतीबाहेर जाऊंच शकत नसे. म्हणून काम शक्तीकडे येई. हजारों माणसें भोंगा होतांच एका आवारांत जमत. गिरणगांवाचें जें सामाजिक रूप आपण जाणतों, त्याच्या मुळाशीं ही यंत्रशास्त्रीय मर्यादा होती.

ती मर्यादा मोडण्याचा यत्न पश्चिमेकडे चालूच होता. एडिसननें १८८२ सालीं न्यूयॉर्क येथें पहिलें वीजघर चालू केलें, त्यापूर्वींच त्याला व त्याचा गणिती साहाय्यक अप्टन याला जूलच्या वर्गाचा धाक जाणवला होता. दिव्यांना ठराविक शक्ति तर द्यावयाचीच. दाब निम्मा ठेवला तर प्रवाह दुप्पट होतो, आणि तारेंतील नासाडी चौपट. ती पूर्वींइतकीच ठेवावयाची तर तांबें चौपट घालावें लागतें, आणि मग दिवा कितीहि चांगला असला तरी धंद्याचें दिवाळें ठरलेलें. म्हणून एडिसननें मुद्दाम अधिक रोधाची बारीक कार्बनची तंतु-तार निवडली आणि दाब ११० व्होल्टच्या आसपास ठेवला. तरी त्याची वीज मैलभराच्या आंतबाहेरच पोंचे. खरा उपाय दाब शेंकडों पटींनीं वाढविण्याचा होता. प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे क्षणाला कित्येक वेळां दिशा बदलणारा प्रवाह, घेतला तर रोहित्र नांवाच्या साधनानें दाब हवा तसा चढवितां व उतरवितां येतो. १८९१ सालीं जर्मनींत लाउफेन येथील जलशक्ति १७५ किलोमीटरवरील फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत पंधरा हजार व्होल्टच्या दाबानें नेऊन दाखविली, आणि शेंकडा सुमारें पंचाहत्तर हिस्से शक्ति मुक्कामाला पोंचली.

महाराष्ट्रानें या ज्ञानाचा उपयोग करावयास फार वेळ लावला नाहीं. १९१५ सालीं टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्केंद्रांतून, सह्याद्रीच्या पावसाची वीज, लाखभर व्होल्टच्या दाबानें सुमारें सत्तर किलोमीटर दूर मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. शक्ति प्रथमच घाट उतरून कामाकडे गेली. विजेचा आणखी एक गुण हा, कीं ती हवी तितकी वांटून घेतां येते. वाफेचें इंजिन अर्ध्या अश्वशक्तीचें करून घराच्या ओसरींत ठेवतां येत नाहीं. विजेची मोटार येते. सोलापुरांत पुढें जें घडलें त्यांत याचा मोठा वांटा आहे. जुनी गिरण १९४९ सालीं बंद पडली, सरकारनें १९५० च्या जानेवारींत वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गिरण्यांच्या ऱ्हासाचीं कारणें व्यापाराचीं व कारभाराचीं होतीं, विजेचीं नव्हेत. परंतु गिरण्या ओसरल्यावरहि विणकाम शहरांत टिकलें, तें घरोघरच्या व लहान कारखान्यांच्या यंत्रमागांवर, आणि यंत्रमाग चालतो तो लहान मोटारीवर. ज्या सोलापुरी चादरीला व टॉवेलला आज भौगोलिक मानांकन आहे, त्यांच्या मागें तेलुगु बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचें कसब जसें आहे, तसाच विभागून मिळणाऱ्या शक्तीचा हा इतिहासहि आहे.

तथापि सोलापूरचें नांव विजेच्या इतिहासांत ज्यामुळें कायमचें लिहिलें गेलें तो प्रसंग फार पुढचा आहे. स्वातंत्र्यानंतर देशांत विजेचीं पांच प्रादेशिक जाळीं तयार झालीं. पूर्व व ईशान्य हीं १९९१ सालीं एकत्र झालीं, पश्चिमेचें जाळें त्यांना २००३ सालीं जोडलें गेलें, उत्तरेचें २००६ सालीं. दक्षिणेचें तेवढें वेगळें राहिलें. तिला वीज मुळींच मिळत नसे असें नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील भद्रावती येथें १९९७ पासून एक केंद्र होतें. तेथें पश्चिमेचा प्रत्यावर्ती प्रवाह आधीं एकदिश करावयाचा, आणि लगेच पुन्हां प्रत्यावर्ती करून दक्षिणेस द्यावयाचा, अशी योजना होती. सोलापूर जिल्ह्यांतील जुन्या लोकांना ही गोष्ट एका शब्दांत समजेल. १८९७ सालीं निघालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अरुंद आणि मोठ्या रेल्वेचे रुंद. म्हणून कुर्डुवाडीस प्रत्येक पोतें एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावें लागे. भद्रावतीचें केंद्र हें विजेचें कुर्डुवाडी होतें. माल जाई, पण गाडी जात नसे.

गाडी सरळ जावयाची तर दोन्ही जाळ्यांची लय एक व्हावयास पाहिजे. आपल्या देशांत प्रत्यावर्ती प्रवाह क्षणाला पन्नास आवर्तनें करतो. एका जाळ्याचें आवर्तन दुसऱ्याच्या आवर्तनाशीं तंतोतंत जुळलेलें असतांनाच सांधा जोडावा लागतो. अन्यथा प्रचंड प्रवाह उसळून यंत्रांचा नाश होतो. शिवाय सांधा मजबूत पाहिजे. कारण एकत्र जाळ्याचे लाभ आहेत तसेच धोकेहि आहेत. २०१२ सालच्या जुलैच्या ३० व ३१ तारखांस उत्तरेकडील एका वाहिनीवरील भारानें आरंभ होऊन एकामागून एक वाहिन्या सुटल्या, आणि दुसऱ्या दिवशीं उत्तर, पूर्व व ईशान्य भारत अंधारांत बुडाला. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशावर त्याचा परिणाम झाला. दक्षिण वेगळी असल्यामुळें बचावली. तेव्हां तिला जोडावें कीं वेगळीच ठेवावी, हा प्रश्न पोकळ नव्हता. परंतु दक्षिणेंत विजेची टंचाई असतांना अन्यत्रची वीज तेथें पोंचूं नये, हेंहि दीर्घकाळ सोसण्याजोगें नव्हतें. अखेर २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर–सोलापूर ही २०८ किलोमीटरची, ७,६५,००० व्होल्ट दाबाची वाहिनी चालू झाली, आणि दक्षिणेचें जाळें उरलेल्या भारताच्या जाळ्याशीं एकजीव झालें. दुसरी जोडवाहिनी २०१४ सालीं आली. १८७१ सालीं ज्या टापूंत मुंबई व मद्रास यांचे रूळ जुळले, त्याच टापूंत, एकशेंबेचाळीस वर्षांनीं, विजेचे सांधे जुळावे हा योग खराच. पण केवळ योग नव्हे. दख्खनच्या पठारावरून दक्षिणेकडे जाण्याची ही वाट भूगोलानेंच आंखून ठेविलेली आहे.

आतां वाचक विचारील, कीं इतका भयंकर दाब कशासाठीं? याचें उत्तर ओहम व जूल यांच्याच हिशेबांत आहे. १००० मेगावॅट, म्हणजे शंभर कोटी वॅट शक्ति न्यावयाची आहे, असें धरा. तीन तारांच्या पद्धतींत प्रवाह काढण्यास शक्तीला दाबानें व शिवाय १.७३ नें भागावें लागतें. ७,६५,००० व्होल्टवर हा प्रवाह सुमारें ७५५ अँपिअर येतो. हिशेबाच्या सोयीसाठीं प्रत्येक तारेचा एकूण रोध २ ओहम समजूं. मग ७५५ चा वर्ग करून त्याला २ नें व तीन तारांसाठीं ३ नें गुणलें म्हणजे नासाडी सुमारें ३.४ मेगावॅट होते. हजारांत साडेतीनहि नाहीं. त्याच तारा ४,००,००० व्होल्टवर चालविल्या तर प्रवाह १४४३ अँपिअर, आणि नासाडी साडेबारा मेगावॅट. खोपोलीच्या काळचा एक लक्ष दहा हजारांचा दाब घेतला तर प्रवाह सव्वापांच हजार अँपिअरच्या घरांत जातो आणि १६५ मेगावॅट, म्हणजे षष्ठांश शक्ति, वाटेंतच उष्णता होऊन उडून जाते. आणि गांवांतल्या खांबावरून जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या दाबावर हाच हिशेब केला तर नासाडी मूळ शक्तीच्या सोळापट येते. म्हणजे अशा रीतीनें ती शक्ति कधींच पोंचणार नाहीं, असें गणित आपल्याला कागदावरच बजावून सांगतें. लांबच्या वाहिनींत रोधाशिवाय प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा आणखीहि एक विरोध असतो. त्यावरहि उपाय उंच दाबाचाच. दाब फार चढला म्हणजे तारेभोंवतींची हवाच विजेला वाट देऊं लागते. तें टाळण्यासाठीं अशा वाहिनींत एका तारेच्या जागीं अनेक तारांचा जुडगा बांधतात, आणि मनोरे उंच उभारतात. सोलापूरच्या आसमंतांत माळावरून पावलें टाकीत गेल्यासारखे दिसणारे ते मनोरे म्हणजे जूलच्या वर्गानें घेतलेलें मूर्त रूपच होय. २०१७ व २०१९ सालीं याच शहराजवळ ६६० मेगावॅटचे दोन औष्णिक संच चालू झाले, तेव्हां सोलापूर शक्तीचा सांधाच नव्हे, तर उगमहि बनलें.

येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. दाब गुणिलें प्रवाह म्हणजे शक्ति, हा नियम तापविण्याच्या यंत्राला जसाच्या तसा लागू पडतो, मोटारीला नाहीं. मोटारींत प्रवाहाची लय दाबाच्या लयीच्या किंचित् मागें पडते. त्यामुळें २३० व्होल्ट व ५ अँपिअर यांचा गुणाकार ११५० होत असला, तरी मोटार प्रत्यक्षांत ९२० वॅटच घेत असेल. या ०.८ च्या प्रमाणाला ‘पॉवर फॅक्टर’ म्हणतात, आणि तो शब्द कारखानदारांना विजेच्या बिलावरून चांगलाच परिचित असतो. प्रमाण कमी असेल तर उपयोगाची शक्ति न वाढतां प्रवाह मात्र वाढतो, आणि प्रवाह वाढला कीं वर्गाच्या नियमानें तारा तापतात. त्याचप्रमाणें रोधहि सर्वकाळ एकच नसतो. जुन्या पद्धतीच्या दिव्याची तार थंड असतांना तिचा रोध जळत्या तारेच्या दशांशाहूनहि कमी भरतो. ओहमचा नियम स्थिर उष्णमानाच्या धातूपुरता खरा आहे. त्याची सीमा ओळखणें हाहि त्याच्या ज्ञानाचाच भाग आहे.

आणि आतां ज्या गोष्टीसाठीं हा सारा प्रपंच आम्हीं मांडला तिच्याकडे येऊं. रायचूर–सोलापूरच्या वाहिनीवर हजारांत साडेतीनाचाहि हिस्सा न गमावणारी वीज, जिल्ह्यांतील एखाद्या डाळिंबाच्या बागेंतील विहिरीपाशीं पोंचते तेव्हां तिची काय अवस्था होते? समजा, रोहित्रापासून विहिरीपर्यंतच्या प्रत्येक तारेचा रोध अवघा ०.४ ओहम आहे. पांच अश्वशक्तीचा एक पंप सुमारें ८ अँपिअर घेतो. दाब सव्वातीन व्होल्टनें उतरतो आणि प्रत्येक तारेंत २५ वॅटच्या आसपास नासाडी होते. हें कोणाच्या ध्यानांतहि येणार नाहीं. परंतु त्याच तारेच्या टोकाशीं दहा पंप लागले, कीं प्रवाह ८० अँपिअर, दाबाची घट ३२ व्होल्ट, आणि नासाडी २५६० वॅट. पंप दसपट, नासाडी शतपट! शिवाय दाब उतरला म्हणून मोटार काम सोडीत नाहीं. तेवढेंच पाणी उपसण्यासाठीं ती अधिक प्रवाह ओढूं लागते, तिच्या गुंडाळ्या प्रवाहाच्या वर्गानें तापतात, आणि एके दिवशीं मोटार जळते. शेतकरी आपल्या नशिबाला नाहीं तर मोटारीच्या कंपनीला दोष देतो. वस्तुतः दोष दोन राशींच्या गुणाकाराचा असतो. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाहीं ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. तारेच्या टेलची तक्रार तिचीच सख्खी बहीण होय. उपायहि तोच आहे, जो मोठ्या वाहिनीनें शिकविला : उंच दाब शक्य तितका विहिरीच्या जवळ न्यावा, आणि दोन-तीन पंपांना एक लहान रोहित्र द्यावें. उच्चदाब वितरणाच्या नांवानें अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रांत जी योजना हातीं घेतली गेली तिचें तत्त्व हेंच आहे.

जे म्हणतात कीं हे सर्व हिशेब अभियंत्यांचे आहेत, सामान्य कुटुंबांना त्यांचें काय, त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे. ज्या वेळीं गिरणीची शक्ति दोरांनीं फिरे, त्या वेळीं ती डोळ्यांना दिसे. पट्टा घसरला तर तो घसरलेला दिसे. विजेची शक्ति दिसत नाहीं. ती केवळ हिशेबानेंच दिसते. दिवाणखान्यांत शीतयंत्र बसवितांना भिंतींतील तार तेवढा प्रवाह सोसेल काय, बिलांतील आंकडा यंत्रांच्या वॅटांशीं जुळतो काय, गांवच्या रोहित्रावर किती पंपांचा भार आहे, हे प्रश्न ज्याला विचारतां येतात त्याला फसवितां येत नाहीं. आणि ज्याला विचारतां येत नाहींत त्याला अंधारांतहि आणि उजेडांतहि दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागतें. कोलोनच्या एका शाळामास्तरानें आपली नोकरी गमावून जो भागाकार जगाच्या स्वाधीन केला, तो शाळेच्या परीक्षेपुरता पाठ करून विसरण्याजोगा नाहीं. रूळ जुळण्यास अकरा वर्षें लागलीं, देशाचीं जाळीं जुळण्यास साठांहून अधिक. वरचा सांधा सोलापुरास पुरा झाला आहे. खालचा, म्हणजे टोकाच्या विहिरीपाशींचा, अजून ठिकठिकाणीं जुळावयाचा आहे, आणि तो जुळविण्याचा आग्रह धरण्यास लागणारें गणित प्रत्येक घरांतल्या शाळकरी मुलाच्या वहींत आधींच लिहिलेलें आहे.